मरीचं रोप

आमच्या कोबीच्या एका गड्ड्यात एकदा शेजाऱ्याची शेळी हरवली होती. पानं खात खात आत शिरली, बाहेर यायला तिला बरेच दिवस लागले, आणि आली ती करडू घेऊनच. ही गोष्ट मी जन्मभर सांगत आलोय आणि तिच्यात खोटं एवढंच, की शेळी शेजाऱ्याची नव्हती, आमचीच होती. आता सांगतो ती गोष्ट मात्र अगदी खरी आहे. कारण तिच्यात माझी सून आहे, आणि सुनेबद्दल थाप मारायची या घरात कुणाची छाती नाही.

आम्ही रोपं विकतो. कोबी, मिरची, वांगी, टोमॅटो. शेतं लोकांची, वाफे आमचे. घरामागच्या उतारावर एकाखाली एक वाफे, वर विहीर, खाली कुंपण, आणि कुंपणाला लागून शाळेचं अंगण. बी पेरायचं, झारीनं पाणी द्यायचं, पाखरं हाकलायची. रोप वीतभर झालं की सकाळी लवकर नाहीतर ऊन कलल्यावर, माती ओली असताना, उपटायचं. मुळाशी दोन बोटं घालायची, हलकेच दाबायचं आणि वर उचलायचं. ओढलं की मूळ तुटतं. दहा रोपांची जुडी, तिला सुतळीची गाठ, वरून ओलं गोणपाट.

आता रोपाचा स्वभाव असा, की जागा बदलली की ते रुसतं. नव्या शेतात गेलं की दहांतलं एखादं मान टाकतंच. त्याचा भुर्दंड शेतकऱ्यानं का सोसावा? म्हणून आमच्या घरात दर दहांमागे एक रोप वरचं घालतात. मरणाऱ्याच्या बदल्यातलं, म्हणून त्याला आम्ही मरीचं म्हणतो. मोजतानाही तसंच मोजायचं: आठ, नऊ, दहा, मरीचं, मग गाठ. माझी आई असं मोजायची, माझी बायको असंच मोजायची, आणि सून तर इतक्या झपाट्यानं मोजते की ऐकणाऱ्याला वाटावं, मरीचं हा दहानंतरचा आकडाच आहे. माझ्या नातीला तसंच वाटत होतं.

नातीला आम्ही मिरी म्हणतो. अंगानं तेवढीच आणि तोंडानंही तशीच. तेव्हा ती तिसरीत होती.

त्या वर्षी वाऱ्यानं सगळा घोळ घातला. कोरडा, पिसाळलेला वारा. माझ्या मिशीची उजवी बाजू त्या वाऱ्यानं वर वळली ती आजतागायत खाली आलेली नाही; मुलगा म्हणतो मला कात्री सरळ धरता येत नाही, पण तो काय, दिवसभर टेंपोत काच वर करून बसणारा माणूस. पहिल्या पेरणीची रोपं वाऱ्यानं अशी करपवली की वाफ्यांत माझ्या डोक्यावर केस आहेत तेवढीच उरली. सुनेनं दुसऱ्यांदा पेरलं. ती रोपं उशिरा हाताशी आली, आणि आली तेव्हा सगळ्यांचीच शेतं नांगरून तयार, सगळ्यांनाच रोपं उद्याच्या उद्या हवी. नेमका तोच आठवडा शाळेच्या मोठ्या सुट्टीआधीचा.

घरात माणसं चार. मुलगा टेंपोतून रोपं पोचवायचा आणि परत आला की उभ्या उभ्या झोपायचा. सून वाकलेली असायची. मला तर त्या आठवड्यात तिचा चेहरा फारसा आठवतच नाही, पाठच आठवते. मी खालच्या टोकाला स्टुलावर बसून गोणपाटं भिजवायचो आणि पाखरं हाकलायचो. गुडघ्यांनी रजा घेतल्यापासून मला तेवढंच काम उरलंय. आणि मिरी शाळेआधी आणि शाळेनंतर रोपं उपटायची. तिची बोटं बारीक, मूळ कधी तुटायचं नाही. सून एरवी कुणाचं कौतुक करत नाही, पण मिरीनं उपटलेल्या जुड्या ती ओळखीच्या गिऱ्हाइकांसाठी बाजूला ठेवायची.

शाळेच्या बाई घरी आल्या तेव्हा ऊन कलत होतं. तरुण होत्या, या शाळेतलं पहिलंच वर्ष. वाफ्यातून चालायची सवय नसल्यामुळे त्यांनी नेमका पाणी मुरलेला बांध निवडला. पाय वर आला, चप्पल खालीच राहिली. बाई एका पायावर बगळ्यासारख्या उभ्या. सुनेनं चप्पल उपसून त्यांच्या हातात दिली, तीही चिखलानं माखलेल्या हातानं, म्हणजे होती नव्हती ती स्वच्छ बाजूही गेली. कुणी हसलं नाही. मी तर नाहीच. नंतर माझं पोट दुखलं.

बाई पालथ्या घातलेल्या क्रेटवर बसल्या आणि म्हणाल्या, मुलगी हुशार आहे, वाचन फार छान, पण गणितात तिच्या प्रत्येक उत्तरात काहीतरी जास्तीचं शिरतं. तीन दहा किती, तर तेहेतीस. पेन्सिलींच्या दहा-दहाच्या चार पेट्या, पेन्सिली किती, तर चव्वेचाळीस.

"मी विचारलं, चार जास्तीच्या कुठून आल्या? तर म्हणाली, मोडतील त्या."

"मोडतातच," सून मान वर न करता म्हणाली.

बाईंनी चपलेवरचा चिखल क्रेटच्या कडेला पुसला. मग त्यांनी सांगितलं, की या आठवड्यात त्या पुस्तक उघडणारच नाहीत. वर्षभराचं गणित खेळांतून घटवायचं, आणि खेळ सगळे सुट्टीचे: बॅग भरायची, बस पकडायची, होडीत बसायचं. शेवटच्या दिवशी अंगणात मोठा खेळ, पालकांनीही यावं. ज्यांचं दहाचं गणित तोवर पक्कं होणार नाही, त्यांनी सुट्टीत रोज सकाळी शाळेत यायचं. त्या स्वतः इथेच थांबणार होत्या. हे त्यांनी मोठ्या मायेनं सांगितलं, आणि खरंच ती मायाच होती. स्वतःची सुट्टी कोण कुणाला देतं?

सुनेचा हात थांबला. "सगळी सुट्टी?"

"सगळी."

"मग ती मावशीकडे नाही जाणार," सून म्हणाली. रागानं नाही. नळ बंद करावा तसं.

मिरी पलीकडच्या वाफ्यात होती. तिचाही हात थांबला.

मिरीची मावशी लांब, रुंद नदीच्या काठी राहते. तिचा नवरा होडीतून माणसं पलीकडे नेतो. मिरीला गेल्या सुट्टीत तिकडे न्यायचं ठरलं होतं आणि तेव्हा पंप जळाला. त्याआधीच्या सुट्टीत मी आजारी पडलो. त्या आजाराबद्दल ती माझ्याशी बरेच दिवस बोलली नव्हती. या खेपेला मुलाचा टेंपो रोपं घेऊन त्याच बाजूला जाणार होता, सुट्टीच्या पहिल्याच सकाळी. मिरीची पिशवी कधीपासून भरून खुंटीला लटकत होती. रोज त्यातलाच फ्रॉक काढून घालायची आणि रोज परत भरायची.

बाई गेल्यावर मी सुनेच्या तोंडाकडे बघत राहिलो. मुलगी सुट्टीत घरी राहिली तर दुपारपासूनचे दोन हात वाफ्यांना मिळणार होते. हे तिला कळत होतं. आणि आपल्याला ते कळतंय, हे तिला आवडलेलं नव्हतं. ती पुन्हा वाकली आणि मोजायला लागली, जरा जास्तच मोठ्यानं.

दुसऱ्या दिवसापासून कुंपणाजवळच्या वाफ्यावर पाखरांचा फार त्रास सुरू झाला. माझं स्टूल तिकडे हलवावं लागलं. तिथून शाळेची खिडकी अगदी समोर येते, हा योगायोग.

बाईंनी वर्गाचं सोंगच बदलून टाकलं होतं. भिंतीवर चष्मा लावलेला कागदी सूर्य. फळ्यावर निळ्या खडूचा समुद्र. फरशीवर अंड्यांचे कापलेले ट्रे, प्रत्येकात दहा खळगे. ती म्हणे सुट्टीला न्यायची बॅग. बाटल्यांची बुचं म्हणजे कपडे. बाई आकडा सांगणार, मुलांनी तेवढ्या बॅगा भरायच्या, उरलेले कपडे हातात धरायचे. मिरीनं सगळ्यांच्या आधी बॅग भरली आणि अकरावं बूच वर ठेवलं. ते घरंगळलं. तिनं उचलून पुन्हा ठेवलं. ते पुन्हा घरंगळलं. तिसऱ्यांदा तिनं ते अंगठ्यानं दाबून धरलं आणि बॅग भरली म्हणून हात वर केला. वर्ग हसून लोळला. कुणीतरी "अकरा" म्हणालं आणि तेच तिचं नाव पडलं. संध्याकाळपर्यंत ते नाव गल्लीतही पोचलं. पिठाच्या गिरणीवाल्यानंही तिला अकरा म्हणून हाक मारली.

ती रडली नाही. घरी येऊन ओठ घट्ट मिटून रोपं उपटत राहिली. मला राहवलं नाही. मी तिला गणित शिकवायचं ठरवलं, आणि मला गोष्टींपलीकडे काही येत नाही, तेव्हा गोष्टीनंच सुरुवात केली. सांगितलं, की एका बसमध्ये दहा पैलवान बसले, इतके जाड की बसची चाकं रस्त्यात अर्धी रुतली, आणि बस नांगरासारखी चालायला लागली, आणि मागे लोकांनी भुईमूग पेरला.

"आणि मरीचा?" मिरीनं विचारलं.

"पैलवान मरत नाहीत."

"आजारी पडला तर? तुम्ही पडला होतात."

मी म्हणालो, माझ्या गोष्टीत कुणी मरत नाही, कुणी आजारी पडत नाही, दहा निघाले की दहाच पोचतात. तिला हे पटलं नाही, पण नियम म्हणून तिनं मान्य केलं. मग आम्ही युक्ती काढली: दहा म्हटलं की जीभ चावायची. ती वाफ्यात बसून सराव करायला लागली. आठ, नऊ, दहा, आणि उचकी दाबल्यासारखा एक आवंढा.

दुसऱ्या दिवशी वर्गात बाकांची बस केली होती. दहा प्रवासी झाले की बस सुटणार, उरलेल्यांनी थांब्यावर उभं राहायचं. मिरी कंडक्टर होती. दहा झाल्यावर तिनं आवंढा गिळला आणि अकराव्या मुलीला हातानं अडवलं. बस सुटली. शाळा सुटल्यावर ती बांधावरून एका पायावर उड्या मारत आली. मी त्या संध्याकाळी आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितलं, की शिकवायची हातोटी आमच्या घराण्यातच आहे.

आणि मग भोंगा आला.

भोंगा म्हणजे आमचं जुनं गिऱ्हाईक, कोबीवाला. तो कानात काही सांगायला लागला की दोन शेतं पलीकडचा बैल वळून बघतो. त्यानं आदल्या दिवशी जुड्या नेल्या होत्या. तो सकाळी, चार गिऱ्हाइकं ताटकळत उभी असताना, गोणपाट घेऊन परत आला. विहिरीजवळच्या दगडावर त्यानं एक जुडी सोडली आणि मोजली. दहा. दुसरी सोडली. दहा. तिसरीही दहा.

"मरीचं कुठंय?" तो म्हणाला. त्याच्या मानानं हळू. "तुमच्या सासूबाई होत्या तेव्हापासून नेतोय मी. असं कधी झालं नव्हतं, ताई."

सुनेनं हात पुसले. दगडापुढे गुडघे टेकून बसली, त्याची एकेक जुडी सोडली, प्रत्येकीत एक रोप घातलं आणि पुन्हा गाठ मारली. सगळे बघत होते. कुणीतरी खोकलं. एवढ्या गिऱ्हाइकांदेखत तिला जुडी सोडून दाखवावी लागली, असं या घरात ती आल्यापासून कधी झालं नव्हतं. तिच्या मानेवर घामाचा एक ओघळ उतरत होता आणि तो पुसायला तिचा एकही हात मोकळा नव्हता. मी तेवढ्यात एका पाखरामागे लागलो होतो. पाखरू नव्हतं, पण मी लागलो होतो.

भोंगा गेल्यावर तिनं मिरीला जवळ बोलावलं.

"घरात मोजायचं तर घरासारखं मोज. शाळेचं शाळेत."

"दोन्ही एका तोंडात राहत नाहीत, आई," मिरी म्हणाली.

"मग मोजूच नकोस. जा, गोणपाटं भिजव."

म्हणजे माझ्या हाताखाली. आमच्या घरात याहून खालची जागा नाही. मी तिथे कित्येक वर्षं आहे, मला विचारा. मिरी माझ्या शेजारी बादलीशी बसली. तिचे हात गोणपाट पिळत होते आणि डोळे वाफ्यावर होते, जिथे तिची आई तिच्या वाटचंही उपटत होती. मी पैलवानांची बस पुढे न्यायला गेलो, तर ती म्हणाली, राहू द्या आजोबा, तुमच्या गोष्टीनंच झालं हे. खरंच होतं. मी पुढचं गोणपाट घेतलं.

शाळा सुटल्यावर मिरी पुन्हा बादलीशी बसली, आणि संध्याकाळभर सुनेचं मोजणं आमच्या कानावर येत होतं. आठ, नऊ, दहा, मरीचं. आठ, नऊ, दहा, मरीचं. मग कधीतरी ते अडखळलं. नऊ, दहा, आणि काही नाही. मी डोळे किलकिले करून बघितलं. तिच्या डाव्या मुठीत जुडी होती, उजव्या हातात एक रोप होतं, आणि ती दोन्हीकडे आळीपाळीनं बघत होती, जसं काही ते रोप तिनं पहिल्यांदाच पाहिलं असावं. मग तिनं ते जुडीत खोचलं आणि पुढे गेली. पुढच्या जुडीलाही तसंच झालं. त्याच्या पुढच्यालाही. माझी सून कामात थांबते, हे मी कुणाला सांगितलं तर तीही माझीच थाप समजतील.

दुसऱ्या सकाळी वाफ्याच्या कडेला एक जुनी, एका कानाची टोपली ठेवलेली दिसली. तळाला ओलं फडकं.

"बाबा, पाखरांना आज सुट्टी द्या," सून म्हणाली. "ही टोपली धरा. मिरी, इकडे ये."

तिनं दहा रोपं मोजली आणि गाठ मारली. मग अकरावं उपटलं आणि टोपलीत टाकलं. पुन्हा दहा आणि गाठ. पुन्हा एक टोपलीत. "गाठीत दहाच. हे सुटं, वेगळं. गिऱ्हाइकाला देताना जितक्या जुड्या तितकी यातून वरती द्यायची, त्याच्यासमोर. कळलं?"

मिरीनं विचारलं, मग मरीचं म्हणायचं की नाही.

"म्हण ना. पण गाठ मारल्यावर."

पहिल्या काही जुड्यांना मिरीचा हात आपोआप अकरावं रोप आत कोंबायला गेला आणि आईनं तिच्या मनगटावर बोटानं टिचकी मारली. वाफा संपेपर्यंत टिचक्याही संपल्या. जुडी आणि टोपली, जुडी आणि टोपली. तिच्या हातांना एक नवीच चाल सापडली होती. आवंढा कुठल्या कुठे गेला.

भोंगा उरलेली रोपं न्यायला आला तेव्हा सुनेनं मिरीलाच पुढे केलं. मिरीनं दहा जुड्या त्याच्यापुढे मांडल्या, मग टोपलीतून एकेक करत दहा सुटी रोपं मोजून वर ठेवली. भोंगा बघत राहिला. मग म्हणाला, आता निदान दिसतंय तरी. आजवर मी घरी जाऊन एखादी जुडी गुपचूप सोडून बघायचो. हे त्यानं गुपित म्हणून सांगितलं, म्हणजे शाळेच्या अंगणात जमणाऱ्या मुलांनीही ऐकलं.

हे सगळं झालं, पण मावशीचं अजून काहीच ठरलं नव्हतं. सून त्या विषयावर बोलत नव्हती. अंगणातला खेळ दुसऱ्या दिवशी, आणि वरचे दोन वाफे अजून उभे. मिरीनं आईला विचारलं, येशील का. सून म्हणाली, बघू, हे कोण उपटणार? मिरीनं पुन्हा विचारलं नाही.

मी एकटा गेलो. मुलानं मला टेंपोतून शाळेच्या दारात सोडलं. अंतर इतकं कमी की टेंपोचं पुढचं चाक शाळेत पोचलं तेव्हा मागचं घरातच होतं. अंगणात बाईंनी चुन्यानं नागमोडी रस्ता आखला होता. रस्त्यावर चौकोन, दर चौकोनात एक गणित. गणित सुटलं तर पुढे, नाहीतर मागच्या चौकोनात. रस्त्याच्या शेवटी झाडाच्या फांदीला शाळेची घंटा टांगलेली. जो तिथवर पोचेल त्यानं ती वाजवायची. त्याची सुट्टी सुरू. बाकीच्यांना सुट्टीतल्या सकाळी शाळा.

पालक फारसे नव्हते. गिरणीवाला होता, अंगावर पीठ घेऊन. दोन-तीन आया. मुलं एकेक करून रस्त्यावर निघाली. कुणी तंबूत अडकलं, कुणी बसथांब्यावर. कुणी पोचलं आणि घंटा बडवली. मग बाईंनी मिरीला बोलावलं आणि मागून कुणीतरी हळूच "अकरा" म्हटलं. मिरीचे कान लाल झाले. तिनं मागे बघितलं नाही.

पहिल्या चौकोनात बॅगा होत्या. सहा बॅगा भरल्या आणि चार कपडे हातात, किती? चौसष्ट, मिरी म्हणाली. पुढचा चौकोन बसचा. दहा-दहांच्या तीन बसगाड्या. तिचा उजवा हात हवेत जरासा हलला, काहीतरी बाजूला टाकल्यासारखा. तीस. मग तंबूंची वजाबाकी झाली, मग शिंपल्यांचा गुणाकार. प्रत्येक वेळी तो हात तसाच हलायचा. मी कुंपणाकडे नजर टाकली तर तिथे सून उभी होती. आमच्याच वाफ्यात, कुंपणाच्या आतल्या अंगाला, हातात न बांधलेली जुडी घेऊन. काम करता करता सहज तिथवर आल्यासारखी. त्या कोपऱ्यातलं रोप परवाच उपटून झालं होतं.

शेवटचा चौकोन होडीचा होता. बाईंनी प्रश्न वाचला: सुट्टीला शंभर माणसं नदीपलीकडे जाणार. एका होडीत दहा माणसं बसतात. होड्या किती लागतील?

"दहा," मिरी म्हणाली.

बाई हसल्या आणि घंटेकडे हात करणार, तेवढ्यात मिरी म्हणाली, "पण अकरा न्या."

मागे हशा पिकला. गिरणीवाल्याच्या अंगावरचं पीठ उडालं. बाईंचा हात तसाच राहिला. मी मनात म्हटलं, गेली मावशी, गेली नदी.

बाईंनी विचारलं, नक्की किती, दहा की अकरा? नीट विचार करून सांग.

मिरी रस्त्यावर उभी होती, चुन्यानं पांढरे झालेले पाय जवळ घेऊन. ती कुंपणाकडे वळली. सुनेनं फक्त हातातली जुडी सुतळीनं बांधली. सावकाश, दोन वेढे देऊन.

"उत्तर दहा," मिरी म्हणाली. "ते बांधलेलं आहे. अकरावी होडी सुटी. ती गणितात नाही धरायची. ती नुसती शेजारून न्यायची, एखादीला भोक पडलं तर."

आता हसायचं की नाही हे कुणालाच कळेना. बाईंनी प्रश्नाच्या कागदाकडे बघितलं, मग मिरीकडे, मग कुंपणापलीकडे त्या बाईकडे, जिनं एकदा चिखलातून त्यांची चप्पल काढून दिली होती.

"वाजव," बाई म्हणाल्या.

मिरीचा हात घंटेला पुरेना. गिरणीवाल्यानं तिला उचललं आणि तिनं ती अशी वाजवली, की दूरच्या डोंगरावर गुरं घरी परतायला निघाली आणि दूध काढायची वेळ चुकून त्या दिवशी दोनदा झाली. मी वळून बघितलं तेव्हा कुंपणाशी कुणी नव्हतं. वरच्या वाफ्यात पाठ दिसत होती.

सुट्टीच्या पहिल्या सकाळी टेंपो भरला. क्रेटांच्या मध्ये मिरीला बसायला गोणपाटाची गादी केली. सून आतून पिशवी घेऊन आली आणि मुलीच्या मांडीवर ठेवली. मावशीसाठी मिरचीची एक जुडी, आणि वेगळ्या ओल्या फडक्यात गुंडाळलेलं एक रोप. मिरीनं पिशवीत हात घालून बघितलं. तिनं भरले होते त्यापेक्षा एक फ्रॉक जास्त निघाला.

"हा कशाला?"

"नदीवर चाललीस. एखादा भिजेल."

"गणितात नाही ना धरायचा?"

"नाही," सून म्हणाली, आणि तिच्या केसांतली वाळकी काडी काढून टाकली. मग टेंपोच्या फळीवर हात आपटला, निघा म्हणून.

टेंपो वळणाआड गेला. वाफे होतेच. दोन हात कमी झाले होते, आणि उरलेल्या हातांमध्ये रिकामे फक्त माझे होते. सुनेनं स्टूल उचललं आणि वाफ्याच्या अगदी कडेला, मला बसल्या बसल्या हात पोचेल असं ठेवलं. मी गुडघ्यांच्या नावानं कण्हत बसलो आणि उपटायला लागलो. बऱ्याच वर्षांनी. रोपाच्या मुळाशी बोट घातलं की ओल्या मातीचा गारवा नखात शिरतो, हे मी विसरूनच गेलो होतो.

पहिली जुडी बांधून मी ऐटीत पुढे केली. सुनेनं ती तळहातावर तोलली, थांबली, गाठ सोडली आणि मोजली. नऊ.

"बाबा, दहावं कुठंय?"

"शेळीनं खाल्लं."

"कुठल्या शेळीनं?"

"कोबीतल्या."

तिनं तोंड दुसरीकडे वळवलं. तिची पाठ हलत होती. त्या सबंध मोसमात मी तिला पहिल्यांदाच हसताना पाहिलं, म्हणजे पाठीनं का होईना, पण हसताना. मग तिनं त्या एका कानाच्या टोपलीतून एक रोप उचललं, माझ्या जुडीत खोचलं आणि गाठ मारली.

"त्यासाठीच असतं ते," ती म्हणाली, आणि पुन्हा वाकली.